मकरपुऱ्यातलं गॅरेज, युरियाचा दिवा आणि माझा गाढवपणा

चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

मुलाच्या सात सीटांच्या डिझेल गाडीत गेल्या महिन्यात युरियाचा दिवा लागला, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोडायला जे युरियाचं पाणी फवारतात त्यात काहीतरी बिघाड. खाली ओळ: ८०० किलोमीटरनंतर इंजिन चालू होणार नाही. जिथे नेहमी सर्व्हिसिंग करतो तिथे स्कॅनर लावून ‘कॅटॅलिस्ट गेला’ म्हणाले (धुराच्या नळीतली ती वीट, जिच्यावर युरियापासून झालेला अमोनिया नायट्रोजन ऑक्साइड मोडतो) आणि लाखावरचं कोटेशन हातात ठेवलं. मी ३१ वर्षं नायट्रिक ॲसिडच्या प्लांटवर काढली. चिमणीवर पिवळा धूर, म्हणजे निसटलेले नायट्रोजन ऑक्साइड, दिसला की पोटात गोळा यायचा. दोन वर्षांत कॅटॅलिस्ट असा मरत नाही, एवढं कळतं. म्हणून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) हे पत्र्याचं गॅरेज गाठलं.

तिथल्या मेकॅनिक पोरानं आधी टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (पाण्यात किती विरघळलंय ते दाखवणाऱ्या नळीच्या) काचेवर टाकला आणि मलाच डोळा लावायला सांगितलं. युरिया ३२.५ टक्के हवा, रेघ २७च्याही खाली. ‘काका, आ क्यांथी लाव्या?’ सांगायला लाज वाटली. हायवेवर सुटा मिळतो, बादलीमागे दोनशे रुपये वाचतात, म्हणून मीच भरून आणला होता. त्यातलं पाणी नळाचं असेल तर क्षार कॅटॅलिस्टवर बसणार, हे मी नव्या पोरांना शिकवायचो!

मग धुरात युरिया फवारणारा इंजेक्टर खोलला. तोंडाशी खडीसाखरेसारखा पांढरा थर, नखानं निघेना. युरियाचा नीट अमोनिया व्हायला धूर साधारण २०० अंशांच्या वर लागतो, नाहीतर हे असे खडे धरतात. आमची गाडी रावपुऱ्यातून नातवाच्या शाळेत आणि परत. ‘गाडी गरम ज नथी थती, काका.’ निदान संपलं.

आमच्या प्लांटवर कॅटॅलिस्ट म्हणून टायटॅनियावरचं (टायटॅनियमच्या ऑक्साइडवर बसवलेलं) व्हॅनेडियम होतं, ३५० अंशांच्या आसपास सुखानं चालायचं. गाडीत ते अवघड, कारण फिल्टरमधली काजळी जाळताना धूर ६०० अंशांच्या वर जातो. तिथे तांबं घातलेला झिओलाइट (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा बारीक छिद्रांचा सांगाडा) वापरतात, चॅबझाइट जातीचा. त्याची छिद्रं जेमतेम ३.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). आधीच्या मोठ्या छिद्रांच्या झिओलाइटमधून गरम वाफेत ॲल्युमिनियम निसटायचं आणि सांगाडा ढासळायचा. इथे सुटलेलं ॲल्युमिनियमही दारातून बाहेर मावत नाही, गार झाल्यावर परत जागेवर बसतं, असं मानतात. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. डिझेल कारला बीएस-४ या आधीच्या सरकारी प्रदूषण नियमांमध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालायचे, २०२० पासून ०.०८. ते अशाच विटेच्या जोरावर जमतं. पण थंड धुरात आणि पाणचट युरियावर ती तरी काय करणार?

पोरानं विटेला हातही लावला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. इंजेक्टर आणि पुढची जाळी गरम डिस्टिल्ड पाण्यात दोन तास भिजवली, टाकी धुतली, सीलबंद युरिया भरला. मग स्कॅनर लावूनच हालोल रोडला चाळीस मिनिटं. मी शेजारी बसून नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे वाचत होतो: विटेच्या आधी ४००च्या घरात, नंतर ३०च्या खाली. दिवा गेला. बिल ४,२०० रुपये.

आता तारा कापल्याचं. ‘दोन तासांत देतो’ म्हणून सकाळी दहाची गाडी संध्याकाळी पाचला मिळाली. बसायला एक मोडकं स्टूल, त्यावरही आधीच कुणीतरी. पक्कं बिल तीनदा मागावं लागलं. जेवणाची वेळ टळली, नाक्यावरच्या शेव-उसळीवर भागवलं. ती मात्र झकास होती, पण त्याचे तारे वेगळे.

नव्या बादल्या आता जिन्याखाली सावलीत ठेवतो, कारण पस्तीस अंशांत युरिया सहाएक महिनेच धड राहतो आणि आपल्याकडे मे महिना म्हणजे काय ते माहीतच आहे. एक रिफ्रॅक्टोमीटर मीही मागवलाय. सूनबाई म्हणते, बाबा, आता पाकाची तारही त्यातच बघा.