'हार्टच्या गोळ्या बंद करा, काचबिंदू बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या बाबांना सांगलीत कसं फसवलं ते लिहितेय, कारण तीच माणसं आता आजूबाजूच्या गावांत शिबिरं घेत फिरतायत असं कळलंय. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, रोज मेटोप्रोलॉल आणि अम्लोडिपिन ह्या हार्ट-बीपीच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी आणि दोन्ही डोळ्यांना काचबिंदू म्हणून रात्री थेंब. एका मंगल कार्यालयात मोफत नेत्रतपासणी होती, तिथे पांढरा कोट घातलेल्या माणसाने गोळ्यांची पिशवी बघितली आणि म्हणाला, काका, तुमचा काचबिंदू वाढतोय तो ह्या हार्टच्या गोळ्यांमुळेच, त्या बंद करा, थेंबही बंद करा, आमचा अर्क आणि पावडर घ्या, डोळ्याची नस परत जिवंत होते. साडेअठरा हजार रुपये, रोख. पावती दिली ती साध्या कागदावर, नाव नाही, पत्ता नाही.

ह्यातली भयंकर गोष्ट म्हणजे त्याच्या बोलण्यात थोडंसं खरं होतं, म्हणून तर पटतं. रात्री झोपेत बीपी उतरतंच, काहींचं जास्तच उतरतं, मग डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं आणि काचबिंदू वाढू शकतो, म्हणून बीपीची गोळी रात्री घेता की सकाळी हे डोळ्यांचे चांगले डॉक्टर विचारतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ४ लाखांवर लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास आला, त्यात अम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये काचबिंदू जास्त दिसला. पण गोळीमुळेच झाला असं त्यातून सिद्ध होत नाही, गोळी सोडली की काचबिंदू थांबतो असं तर नाहीच नाही. आणि मेटोप्रोलॉलचं तर उलटंच आहे, त्या जातीच्या गोळ्यांनी डोळ्याचं प्रेशर थोडं कमीच होतं, काचबिंदूला देतात तो टिमोलॉलचा थेंब त्याच बीटा ब्लॉकर जातीतला. (हा थेंब डोळ्यात घातला तरी रक्तात उतरतो, नाडी मंदावू शकते, दमा असेल तर त्रास होतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं दाखवायचीच.)

पुढच्या वेळी बाबा गेले तर तिथल्या लोकांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि सांगितलं बघा नजर सुधारली. आता काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, मधली बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते, बहुतेकदा दुखतही काही नाही, त्यामुळे तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणून काचबिंदू कमी झाला असं कधीच म्हणता येत नाही. त्यासाठी प्रेशर मोजावं लागतं, फिल्ड टेस्ट (बाजूची नजर किती आहे ते बघणारी) लागते, नस तपासावी लागते. ह्यातलं एकही तिथे केलं नाही आणि आणखी एका महिन्याच्या औषधाचे पैसे घेतले.

गोळ्या आणि थेंब बाबांनी बंद केलेच होते. मग त्यांची छाती धडधडायला लागली, बीपी १९० च्या वर, पहाटे अ‍ॅडमिट करावं लागलं. हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेटोप्रोलॉल एकदम तोडली तर छातीत दुखणं, अटॅकसुद्धा येऊ शकतो आणि स्टेंटवाल्याने (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत जाळी बसवलेल्याने) रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून सोडली तर स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते, त्यातून बाबा वाचले. डोळ्याचं प्रेशर थेंबांवर १५ असायचं ते २८ झालेलं आणि उजव्या डोळ्याची बाजूची नजर आणखी गेली. गेलेली नस परत येत नाही, कुठल्याही अर्काने येत नाही, हे आठवून मला अजून रडू येतं.

आता दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले, २४ तासांचं बीपीचं मशीन लावलं, रात्री बीपी खूप उतरतंय असं दिसलं म्हणून अम्लोडिपिन रात्रीची सकाळी केली. बस्स, एवढंच करायचं होतं आणि ते डॉक्टरांनीच करायचं होतं.

त्या माणसाचा फोन बंद आहे. काचबिंदू, हृदयविकार, बीपी बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, तिन्ही नावं त्या यादीत आहेत. आम्ही एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) आणि पोलिसांकडे तक्रार दिलीय. तुमच्याकडे असं पत्रक, बाटली, पैसे दिल्याचा मेसेज असेल तर टाकू नका, बाटलीत उरलेलं औषधसुद्धा ठेवा, तपासायला तेच लागतं.