डिबेटच्या निमंत्रित स्पर्धेला जाऊन आलो, कोणाला जायचं असेल तर वाचा

विद्यापीठातल्या पोरापोरींच्या डिबेट सोसायट्या मिळून दरवर्षी निमंत्रित स्पर्धा भरवतात, कॉलेजला पत्र आलं तरच एंट्री. यंदा घाटंजी तालुक्यातून आम्ही दोघी गेलो, मी आणि माझी पार्टनर. तूर कापणीचे दिवस, तरी घरच्यांनी सोडलं, एसटीत हाफ तिकीट असल्यानं खर्चाचं पण जमलं.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेत विषय पंधरा दिवस आधी कळतो, सरांकडून भाषण लिहून घ्यायचं, पाठ करायचं अन् घंटा वाजली की शेर म्हणून खाली बसायचं. इथं तसं काहीच चालत नाही. ब्रिटिश पार्लमेंटरी म्हणतात त्याला, एका खोलीत चार टीम, दोन विषयाच्या बाजूनं, दोन विरोधात, विषय फक्त १५ मिनिटं आधी मिळतो आणि बाजू पण तेच देतात. भाषण ७ मिनिटं, त्यात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचा कधीही उठून पीओआय मागतो म्हणजे मधेच प्रश्न, घ्यायचा का नाही ते बोलणारा ठरवतो.

दुसऱ्या राऊंडला विषय आला, वेगळं विदर्भ राज्य झालं पाहिजे. आम्हाला विरोधी बाजू! पार्टनरचे बाबा पक्के विदर्भवादी, ती म्हणे, "मी याच्या विरोधात कशी बोलू वं?" समोरच्यांनी विदर्भाला महाराष्ट्रात घेताना दिलेल्या आश्वासनांचा १९५३ चा नागपूर करार काढला, १९५५ ला राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती तेही काढलं. पार्टनर उठली, म्हणाली घटनेत कलम ३७१(२) आहे, विकास मंडळाची सोय आहे, अनुशेष महाराष्ट्रात राहूनच भरता येतो. लगेच पीओआय आला, "मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलातच संपली, कोणतं मंडळ म्हणता?" ती ओढणीचं टोक पिळत दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "मग मुदत वाढवून मागा ना, त्यासाठी राज्य काहून तोडता?" अख्ख्या खोलीनं बाकं वाजवली. त्या राऊंडला आम्ही दुसऱ्या.

पण या स्पर्धेची खरी किंमत आहे ती नंतरच्या फीडबॅकमध्ये. जज आपसात चर्चा करतात आणि मग सगळ्यांसमोर सांगतात कोणत्या टीमला ३, २, १, ० पॉइंट आणि का. मला म्हणाले, तू तीन मुद्दे काढले पण एकाचंही कारण शेवटपर्यंत नेलं नाही, कापसाचं उदाहरण दिलं, त्याचा सिंचनाशी संबंध काय ते ऐकणाऱ्यानं जोडायचं का? शाळेपासून बोलते मी, हरले तेव्हा का हरले हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता तक्रारी. नियमांची माहिती सगळी इंग्रजीत दिली, मराठी गटाला सुद्धा! आमच्यासारख्या चारपाच टीम एकमेकींना विचारत बसल्या, पहिला राऊंड त्यातच गेला, शून्य मिळाला. दुसरं म्हणजे वेळ. पाचला निकाल सांगतो म्हणाले, साडेसात वाजले, यवतमाळची शेवटची गाडी गेली. पार्टनरची आत्या तिथंच राहते म्हणून निभलं, नाहीतर दोन पोरींनी रात्री स्टँडवर काय करायचं? बाहेरगावच्या टीमची गाडी किती वाजता आहे हे रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवरच विचारून घ्या, एवढं तरी करा. जेवण चांगलं होतं, सकाळी तर्री-पोहे पोटभर, आदल्या रात्रीची राहायची खोली स्वच्छ.

चार राऊंड मिळून आमचे ५ पॉइंट, सेमी हुकली. तरी जा, नक्की जा, फक्त निकालाच्या रात्रीची सोय आधी करून ठेवा आणि नियम कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. आम्ही आता दर शनिवारी कॉलेजच्या लिंबाखाली १५ मिनिटांचा टायमर लावून बसतो, ज्युनिअरच्या सहा पोरी येतात, परवाचा विषय होता कापसाची खरेदी फक्त सरकारनं करावी का. पुढच्या वर्षी दोन टीमचं पत्र पाठवा म्हणून प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आत्ताच टाकलाय.