प्रचारगाण्याचा स्टुडिओ: आवाज फस्क्लास, शब्द मात्र तपासा

काकू सरपंचपदाला उभ्या आहेत, म्हणून तालुक्याच्या स्टुडिओत गाणं करून घेतलं. खंजिरी, ढोलकी झकास; भोंग्यावर शब्द न् शब्द कळतो. पण स्टुडिओच्या तयार कडव्यात काकूंचं पाऊल पडताच पाऊस येतो, कोरड्या विहिरी भरतात! कपाशी करपलेल्या गावात हे वाजवायचं? उत्तर कोरियात तिथले दिवंगत हुकूमशहा किम जोंग इल यांचा जन्म पेक्तू पर्वतावर झाला, तेव्हा दुहेरी इंद्रधनुष्य उमटलं, असं शिकवतात. सोव्हिएत नोंदींत तो १९४१ चा, रशियातला. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्यात तरी माणसाला देव करू नका. मी पांदण रस्ता न् नळयोजनेचं कडवं लिहून दिलं. मालकानं जादा पैसे न घेता पुन्हा रेकॉर्ड केलं. जाताना स्वतःचे शब्द घेऊनच जा.