रत्नागिरीत बीएस्सीसोबत फार्माकॉलॉजी मायनर: घ्यावा का?

फार्माकॉलॉजी म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात याचा अभ्यास, आणि मायनर म्हणजे मुख्य विषयासोबतचा (मेजरसोबतचा) दुय्यम विषय. रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर असेल तर जरूर घ्या. इथल्या महाविद्यालयातला हा मायनर औषधांची नावं घोकायला लावत नाही, हे त्याचं मोठं बळ.

रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर औषध जिथे जाऊन बसतं त्या जागेचा, भाग सर्वात सुरेख शिकवतात, तोही कोकणातल्या उदाहरणावरून. लाल विंचवाच्या विषाने नसांमधले सोडियम चॅनल (सोडियम आत सोडणारी दारं) उघडे राहतात, अ‍ॅड्रिनलीनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि फुफ्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन हे औषध रक्तवाहिन्या आवळायला लावणारे अल्फा-१ रिसेप्टर अडवतं, म्हणून जीव वाचतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं हे काम जगभर वाचलं गेलं. इथल्या मुलांना ते वर्गात कळतं, याचं फार समाधान वाटतं.

गणितात मात्र मुलं अडखळतात. वितरण आकारमान (औषध शरीरात जणू किती द्रवात पसरतं ते) ४० लिटर, रक्तात हवी असलेली पातळी लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतून पहिला डोस ४०० मिलिग्रॅम. तोंडावाटे जैवउपलब्धता (घेतलेल्या औषधाचा रक्तात पोचणारा हिस्सा) ०.८ असेल तर ४०० ला ०.८ ने भागून ५००. बरेच जण भागायच्या जागी गुणतात आणि ३२० लिहितात. डोस-प्रतिसाद आलेख साध्या कागदावर काढला की लहान डोसांचे बिंदू डावीकडे एकमेकांवर चढतात. म्हणून सेमीलॉग कागद (ज्याच्या एका अक्षावर लॉग मोजपट्टी असते) घरूनच न्या, प्रयोगशाळेत पुरत नाही.

जीवरसायनाची तयारी करून घेत नाहीत, ही खरी उणीव. एन्झाइम गतिकी (एन्झाइमची अभिक्रिया किती वेगाने होते ते) आधी स्वतः वाचा. आणि पालकांनो, या मायनरवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, त्यासाठी डी.फार्म, बी.फार्म किंवा फार्म.डी अशी फार्मसीचीच पात्रता लागते.