‘हाफ-अरब’ म्हणून घेतला, निघाला लंगडा: ४,८५,००० रुपयांचा धडा

आधी आकडे. घोडा ४,२०,०००. दलाली २१,०००. गाडीभाडं २६,५००. घरी आणल्यावर सोनोग्राफी, एक्स-रे, नालबंद, औषधं १७,५००. एकूण ४,८५,०००. आज तो घोडा पागेत उभा राहून चारा खातो, त्याचा खर्च वेगळा.

लाख सांगून दहा हजारांत सोडणारे दलाल, ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ ही धमकी, ‘सारंगखेड्याच्या यात्रेत भाव दुप्पट होईल, दत्तजयंतीच्या आत उचला’ हे सगळं तुम्हालाही माहीत आहे, मलाही होतं. म्हणून मी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्याकडे गेलोच नाही. ज्या दलालाकडे गेलो, तो ‘साहेब, एन्ड्युरन्सचाच (लांब पल्ल्याच्या शर्यतीचाच) घोडा आहे’ म्हणत होता, व्हेट गेट (शर्यतीतला डॉक्टरी तपासणीचा थांबा), मेटाबॉलिक (तिथली नाडी-पाण्याची तपासणी) असे शब्द बरोबर वापरत होता. वडील अरबी, आई मारवाडी. कागदावर बापाचं नाव, आजोबाचं नाव, वर लाल शिक्का.

मला असाच घोडा हवा होता. शुद्ध अरब आपल्या आवाक्याबाहेर, आणि माझं वजन जिनासकट नव्वद किलोच्या घरात. अरब रक्ताने नाडी लवकर खाली येते, पातळ कातडीतून उष्णता पटकन बाहेर पडते. मारवाडी बाजूने हाड आणि खूर मिळतात. चाळीस-साठ किलोमीटरसाठी असा संकर उत्तम, हे मी आजही म्हणेन. घोडा नीट खरा असेल तर.

आता ती गोष्ट, जी आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी पोहोचलो तेव्हा घोड्यावर जीन चढवलेलं होतं आणि छातीवर घाम होता. ‘तुम्ही येणार म्हणून जरा मोकळा केला.’ जुनं दुखणं असलेला पाय गरम झाला की लंगडणं लपतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुडकीवर दाखवलं तेही ओल्या मऊ वाळूत. पुढच्या डाव्या पायाच्या नळीवर पट्टी, ‘माश्या बसतात’. मी स्टेथोस्कोप काढला. पाच मिनिटं साधी दुडकी, मग पंधरा मिनिटं विश्रांती, आणि नाडी ७२. स्पर्धेत ६४च्या वर नाडी असेल तर पुढे सोडत नाहीत, आणि तीही मैलोन् मैल पळून आल्यावर! दलाल म्हणाला, ‘नवी माणसं बघून बिथरलाय.’ घाबरलेल्या घोड्याची नाडी वाढते, हे काही खोटं नाही. मी पटवून घेतलं. नाडी घाबरल्याने वाढते तशी वेदनेनेही वाढते, हे वाक्य त्या वेळी डोक्यात आलंच नाही. डोक्यात होतं ते त्याचं आत वळलेलं नाक आणि झेंड्यासारखी वर धरलेली शेपूट. शेपूट वर राहावी म्हणून आल्याचा तुकडा कुठे कोंबतात, ते नंतर एका म्हाताऱ्या मोतद्दाराने सांगितलं. लिहायची लाज वाटते. नाकावरून आणि शेपटीवरून अरब ठरवायचा नसतो, एवढं लक्षात घ्या. डीएनए करायचं तर आयाळीचे मुळासकट केस लागतात, आणि जुळवायला त्या बापाचा नमुनाही. बाप कुठे आहे, हे विचाराच. माझ्यावर तो ‘गुजरातला गेलाय’ असं ऐकायची वेळ आली.

माझा डॉक्टर सोबत नव्हता, कारण त्याला त्या दिवशी सुट्टी नव्हती आणि दलाल ‘आमचा डॉक्टर आहे की’ म्हणाला. विकणाऱ्याचा डॉक्टर म्हणजे विकणाऱ्याचाच. टोकन ५१,००० यूपीआयने दिलं, बाकी आरटीजीएसने त्याच्या ‘भाच्याच्या’ खात्यावर. खातं दुसऱ्याचं असेल तर तिथेच थांबा.

तीन-चार दिवसांत पेनकिलर उतरलं आणि घोडा पाय टेकेना. पट्टीखाली टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) जुनं फाटून जाड झालेलं. दलालाने वय सात सांगितलं होतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची खाच बघून डॉक्टर म्हणाले, सात कसला, बारा-तेराचा आहे. ही खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते, सात वर्षांच्या तोंडात ती नसतेच. स्कॅनर लावला तर कातडीखालच्या ओळखीच्या चिपचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळेना. ग्लँडर्स (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) नसल्याच्या दाखल्यावर चिप नंबरच नाही, नुसतं ‘तपकिरी घोडा’. तसे हजार असतील. चिपचे पंधरा आकडे स्वतः वाचा, पैसे त्यानंतर. आणि खरेदीच्या दिवशीच रक्ताचा नमुना घेऊन डॉक्टरकडे जपून ठेवा. मी ठेवला नाही, म्हणून पेनकिलरचा पुरावा आज माझ्याकडे नाही.

मग सुरू झाली सरकारी वारी. ठाण्यात साहेब हसले. ‘घोडा तुमच्याकडेच आहे ना? मग फसवणूक कसली?’ दुसरे म्हणाले, हद्द आमची नाही, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडचे म्हणाले, पैसे तुमच्याकडून गेले, तुमच्याकडेच नोंदवा. कायद्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. मी छापून नेलं. ‘हे नेटवरचं आहे’ म्हणून परत दिलं. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८, तेही मीच सांगितलं, आणि मलाच ‘तुम्ही वकील आहात का’ असं विचारलं गेलं. बँकेत ‘खातेदाराची माहिती देता येत नाही’. पशुवैद्यकीय दवाखान्यात ‘वयाचा दाखला आम्ही देत नाही’. ७२ नाडी बघून मी जितका गप्प बसलो, त्याहून हे सगळे पगार घेऊन गप्प बसलेत. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज आणि ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, एवढी एकच दिलासा देणारी गोष्ट. सांगितलेल्या वर्णनाचा माल मिळाला नाही, हा मुद्दा तिथे तरी ऐकून घेतील. विकणारा ‘हौस म्हणून विकला, धंदा नाही’ म्हणतोय. म्हणून त्याच्या आणखी विक्रीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी जमवतोय. तुम्हीही बोलणं लेखी करा, फोनवर नको.

एक मात्र नोंदवून ठेवा. त्याच आजोबाच्या नावाचा, त्याच लाल शिक्क्याचा कागद आता एका कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीसोबत फिरतोय. किंमत ३,९०,००० सांगतायत, आणि व्हिडिओत तिच्याही डाव्या पायाला पट्टी आहे.