भाचीच्या नावानं घेतलेलं स्केच आणि त्याच्या तीन ‘मूळ’ प्रती

आधी सावध करते, मग सगळं सांगते. माझ्या कॉमिकमधली एसटी चालवणारी रखमाआजी घाटातल्या वळणावर स्टिअरिंगवर ओणवी झाली आहे, असं ए4 आकाराचं रंगीत चित्र ‘मूळ, एकमेव’ म्हणून कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. मूळ चित्र एकच आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ते तिघांना विकलं गेलंय.

मुंबईतल्या एका कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या आणि वाचकांच्या जत्रेत, माझं टेबल होतं. तिथं आम्ही चित्रकार टेबलाचं भाडं भरून बसतो, प्रिंट आणि स्टिकर विकतो आणि समोर उभ्या असलेल्या वाचकाला स्केच काढून देतो. नुसता चेहरा, अर्धी आकृती, पूर्ण आकृती असे दर ठरलेले असतात. हेच चित्र घरी बसून कमिशन म्हणून, म्हणजे ऑर्डर घेऊन, केलं तर आम्ही कितीतरी जास्त घेऊ. टेबलावरचा दर कमी असतो, कारण तो वाचकासाठी असतो. कॉलेजातल्या मुलालाही परवडावं, त्यानं ते घरी नेऊन भिंतीवर लावावं, हा त्यामागचा हिशेब. पुनर्विक्रीवाले नेमक्या याच फरकावर डोळा ठेवून येतात.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिशीतला एक माणूस आला. बोलायला अत्यंत नम्र. “ताई, भाचीसाठी हवंय. नऊ वर्षांची आहे, तिचं ऑपरेशन झालंय. तुमची रखमाआजी तिला फार आवडते.” कॉमिकमधले दोन प्रसंगही त्यानं बरोबर सांगितले. मी चेहऱ्याच्या दरात पूर्ण आकृती काढली, ब्रश पेननं शाई केली, मार्करनं रंगवली. भाचीचं नाव विचारलं तर म्हणाला, “नाव राहू द्या ताई. ते तिच्यासमोर मीच लिहीन, तिला मजा वाटेल.” मी फक्त सही करून चित्र दिलं. आजारी मुलीसाठी कुणी चित्र मागितलं तर मी पुन्हाही देईन. विश्वास ठेवणाऱ्याला दोष देण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही.

पुढे संग्राहकांच्या एका ग्रुपवर ते चित्र दिसलं. ‘दुर्मिळ. कलाकार आता स्केच देत नाहीत.’ ही धडधडीत थाप होती. किंमत मी घेतलेल्या पैशांच्या दसपटीहून जास्त. शेजारच्या टेबलांवरच्या चित्रकारांशी बोलले तेव्हा कळलं, हाच माणूस त्यांच्याकडेही गेला होता. एकाकडे आजोबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, दुसरीकडे बायकोसाठी भेट. नाव मात्र कुठंच लिहू दिलं नव्हतं.

इथवर फसवणूक माझ्यापुरती होती. खरा संताप आला तो नाशिकच्या एका विद्यार्थिनीचा मेसेज वाचून. तिनं पैसे साठवून ते चित्र घेतलं होतं आणि रंग जरा फिके का वाटतात, एवढंच ती विचारत होती. मी मागच्या बाजूचा फोटो मागवला. कागद मागून कोरा, स्वच्छ होता. अल्कोहोल मार्करनं रंगवलेल्या साध्या कार्ट्रिज कागदाच्या, म्हणजे नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदाच्या, मागे रंग उतरल्याशिवाय राहत नाही. माझ्या त्या चित्राच्या मागे तर आजीच्या साडीचा हिरवा रंग भरपूर उतरला होता. मग तिला भिंगातून पाहायला सांगितलं. हिरव्या रंगात बारीक ठिपके दिसले, म्हणजे तो इंकजेट प्रिंट होता. वरून काही रेषा काळ्या पेनानं गिरवल्या होत्या, पण डोळ्यातला पांढरा ठिपका बोटाला लागत नव्हता. मी तो पांढऱ्या जेल पेननं देते आणि तो कागदावर किंचित उठून राहतो. पुण्यातल्या आणखी एकाकडेही असाच प्रिंट निघाला. मूळ चित्र बंगळुरूच्या एका गृहस्थांकडे आहे. त्यांनी मागचे हिरवे डाग मला व्हिडिओ कॉलवर दाखवले.

विकत घेतलेलं चित्र पुढे विकणं हा गुन्हा नाही, हे मला ठाऊक आहे. घरात अडचण आली, संग्रह मोडायची वेळ आली तर माणसानं विकावं, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. अमेरिकेत हीरो इनिशिएटिव्ह ही संस्था चित्रकारांकडून चित्रं मागून घेते, ती लिलावात विकते आणि अडचणीतल्या कॉमिक कलाकारांना पैसे देते. तिथं कागद कशासाठी चाललाय हे देणाऱ्याला माहीत असतं. माझ्याकडून चित्र काढून घेताना जे कारण सांगितलं ते खोटं होतं, आणि त्या कारणाच्या जोरावर दर उतरवला होता. एखाद्यानं सरळ “विकायला हवंय” म्हटलं असतं तर मी माझा विक्रीचा दर सांगितला असता, किंवा नाही म्हटलं असतं. तो निर्णय माझ्या हातातून काढून घेतला गेला.

प्रिंटची गोष्ट तर त्याहून वेगळी आहे. कागद विकला म्हणजे त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट विकला जात नाही. पात्र माझं, माझ्या कॉमिकमधलं. त्याच्या चित्राच्या प्रती माझ्या परवानगीशिवाय छापून विकता येत नाहीत. पुनर्विक्रीतल्या वाट्याबद्दलही आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात 53अ हे कलम आहे, 1994च्या दुरुस्तीनं आलेलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण कन्व्हेन्शनची बहुतेक स्केचेस त्या दहा हजारांच्या खालीच विकली जातात, म्हणजे आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग जवळपास नाही. फ्रान्समध्ये असा हक्क 1920पासून आहे, ब्रिटनमध्ये 2006पासून. अमेरिकेत, जिथं या कन्व्हेन्शनची प्रथा वाढली, तिथं देशभर लागू होणारा असा कायदाच नाही. म्हणून तिकडच्या कित्येक चित्रकारांनी फार आधीपासून स्वतःचा उपाय काढला: ज्याच्यासाठी चित्र, त्याचं नाव चित्रावर. नाव असलेला कागद अनोळखी गिऱ्हाइकाला विकणं अवघड जातं.

मीही आता वाचकाच्या दरात नावाशिवाय स्केच देत नाही. नाव समासात लिहिलं तर तो कापून टाकतात, म्हणून मी ते चित्रातच घालते, बसच्या पाटीवर किंवा आजीच्या पदराजवळ. नाव नको असेल त्याच्यासाठी वेगळा दर टेबलावर उघड लावलाय. कारण कुणी सांगू नये, मी विचारतही नाही. प्रत्येक चित्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढते आणि मागे पेन्सिलनं तारीख व क्रमांक घालते. नवीन चित्रकारांना माझी विनंती आहे, दमला असलात तरी फोटो काढल्याशिवाय कागद हातातून सोडू नका. नाशिकच्या त्या मुलीच्या तक्रारीला माझा मूळ चित्राचा फोटोच जोडला गेला. तिनं 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत. विकणाऱ्यानं तिला ब्लॉक केलंय.

कुणाकडून जुनं स्केच घेत असाल तर पैसे पाठवण्याआधी चित्रकाराला विचारा. आम्ही सापडायला कठीण नाही, आणि खरं-खोटं सांगायचे पैसे घेत नाही. मागच्या बाजूचा फोटो मागा, चित्र तिरक्या उजेडात धरून काढलेला व्हिडिओ मागा. पेन्सिलचा दाब, खोडरबरानं विस्कटलेला कागद, शाईचा जाडपणा हे सगळं त्यात दिसतं. विकणारा टाळाटाळ करू लागला, “आणखी दोघं थांबलेत, लगेच पैसे टाका” म्हणाला, तर तिथंच थांबा.

आणि रखमाआजीचं ते घाटातलं चित्र तुमच्याकडे आधीच असेल, तर मागची बाजू पाहा. हिरवे डाग नसतील तर मला मेसेज करा. नाशिक आणि पुण्याच्या तक्रारींबरोबर तुमचीही जोडू.