लंडन ते सिडनी: सिंगापूर, दुबई की पर्थ?

लंडन आणि सिडनी यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने हे अंतर चाचणी म्हणून एकाच उड्डाणात, १९ तास १९ मिनिटांत पार केले; पण त्या विमानात जेमतेम पन्नास जण होते. भरलेल्या विमानातून जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत थांबावे लागते, आणि तो थांबा कुठे घ्यावा हाच खरा प्रश्न आहे.

सिंगापूरमार्गे अंतर साधारण १७,२०० किलोमीटर, दुबईमार्गे १७,५५० आणि पर्थमार्गे १७,८०० किलोमीटर भरते. सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या मार्गात सहाशे किलोमीटरांचाच फरक आहे, म्हणजे विमानाच्या वेगाने पाऊण तासही नाही. हवेत काढायचा वेळही तिन्हीकडे एकवीस तासांच्या आसपास येतो: सिंगापूरमार्गे तेरा आणि आठ, दुबईमार्गे सात आणि चौदा, पर्थमार्गे सतरा आणि चार. त्यामुळे एकूण किलोमीटरांची तुलना करत बसण्यापेक्षा सर्वांत मोठा टप्पा किती तासांचा आहे आणि तो कधी येतो, हे पाहावे.

दुबईचा मार्ग मला सर्वांत कमी पसंत आहे. सातव्या तासाला, नुकती कुठे झोप लागू लागते तोच उतरावे लागते आणि खरा मोठा टप्पा अंग आंबल्यानंतर सुरू होतो. सिंगापूरमार्गे मोठा टप्पा आधी उरकतो. तेरा तासांनी पायांना सूज आलेली असते, बूट घट्ट वाटू लागतात. अशा वेळी विमानतळावर तासभर चालायला मिळणे ही मोठी सोय आहे, आणि पुढचे आठ तास त्यामानाने सुसह्य जातात. पर्थचा सलग सतरा तासांचा टप्पा विमानात गाढ झोपू शकणाऱ्यांनीच निवडावा. शिवाय पर्थहून पुढे देशांतर्गत विमान पकडायचे असेल तर ऑस्ट्रेलियात प्रवेशाचे सोपस्कार पर्थलाच होतात, आणि सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून जावे लागते. म्हणून मध्ये किमान तीन तास तरी हाताशी असावेत. मात्र ज्यांना पर्थमध्येच दोन दिवस राहायचे आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे.

तिकिटावरील वेळा वाचताना हमखास चूक होते, कारण त्या त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे दिलेल्या असतात. सोमवारी रात्री आठला लंडनहून निघून बुधवारी पहाटे पाचला सिडनीला पोहोचणारा प्रवास तेहतीस तासांचा दिसतो. जुलैमध्ये दोन्ही शहरांच्या वेळेत नऊ तासांचा फरक असल्याने तो प्रत्यक्षात चोवीस तासांचा असतो. जानेवारीत हाच फरक अकरा तासांचा होतो, म्हणून त्याच वेळा दाखवणारे तिकीट बावीस तासांच्या प्रवासाचे ठरते.

परतीचा हिशेब मात्र वेगळा मांडावा. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने लंडनकडे येताना ते समोरून येतात: सिडनी ते पर्थ पाच तास, तर सिंगापूर ते लंडन चौदा तास लागू शकतात. तरीही परतताना सिंगापूरच सोयीचे ठरते, कारण दुपारी चारच्या सुमारास सिडनीहून निघाल्यास आठ तासांचा छोटा टप्पा जागेपणी सरतो आणि चौदा तासांचा टप्पा नेमका झोपेच्या वेळी सुरू होतो.